आईनंतर भावाचे काय? दिवसाचे केंद्र आणि राहण्याची सोय

गिरगावकर : माझा धाकटा भाऊ ४७ वर्षांचा असून त्याच्या स्किझोफ्रेनियाला आता २२ वर्षे झाली. गोळ्या नियमित आहेत, कानात आवाज येणेही जवळजवळ थांबले आहे. पण सकाळचा चहा झाला की तो चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून बसतो, तो आई जेवायला हाक मारेपर्यंत. आई ७९ वर्षांची आहे आणि मी डोंबिवलीला राहतो. नातेवाईक म्हणतात, कुठेतरी कायमचे ठेवून टाका. त्याखेरीज दुसरी काही वाट आहे का?

मुलुंडची शुभंकर : दादा, राहण्याच्या आधी त्यांच्या दिवसाचे बघा. माझी बहीण डे केअरला, म्हणजे दिवसभराच्या केंद्रात, जाऊ लागली तेव्हा पहिले पंधरा दिवस ती चपलासुद्धा न काढता जिन्यातच उभी राहायची. मी आधी तिच्या डब्यात, मग शेजारच्या डब्यात बसून लोकलने जात असे. आता ती एकटी जाते आणि तिथल्या चहाच्या पैशांचा हिशोब ठेवते. आठवड्यातून दोनच दिवसांनी सुरुवात करा. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत शुभार्थी (आजार असलेली व्यक्ती) आणि शुभंकर (तिची काळजी घेणारे आपण) दोघांसाठीही काम चालते, तिथे चौकशी करता येईल.

निवृत्त समाजसेवा अधीक्षक : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ नुसार, केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय उपलब्ध नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला देखरेखीचा निवास), समूह निवास यांची तरतूद याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात जागा फार थोड्या आणि बहुतेक खाजगी, म्हणून आई हिंडतीफिरती आहे तोवरच पाहून ठेवा. पाहायला जाल तेव्हा दाराची कडी बाहेरून लागते का आणि घरी फोन करायला परवानगी लागते का, हे आधी बघा. माहितीपत्रक नंतर वाचा. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही काढा, कारण ४० टक्के किंवा त्याहून अधिक नोंद असल्याशिवाय बहुतेक सवलती मिळत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली भावासाठी कायदेशीर पालक नेमून घ्या असा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु १९९९ च्या त्या कायद्यात मानसिक आजार येतच नाही.

पागडीवाला : वरील सल्ल्यात एक धोका राहिला आहे. खोली पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेली भाड्याची) आणि आईच्या नावावर असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी येतो. भावाला आताच कायमचे बाहेर हलवले, तर तो हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने कमजोर कराल. चाळीचा पुनर्विकास निघाला की हे फार महागात पडते. रेशनकार्ड आणि आधारवर त्याचा तोच पत्ता राहू द्या, आणि वकिलाला एकदा भाडेपावत्या दाखवा.

गिरगावकर : खोली पागडीचीच आहे. रेशनकार्डावर भावाचे नाव आहे, आजच आईच्या ट्रंकेतून काढून पाहिले. गुरुवारी ठाण्याला केंद्र बघायला निघालो आहोत. भावाने एवढेच विचारले की संध्याकाळी परत यायचे ना.