खडकाळ रानात नांगर अडकल्यावर आपोआप सुटणारी कडी: कोणती बसवावी?

खटावचे रान (मूळ प्रश्न)

वडूजपासून काही अंतरावर आमची दीड एकर जमीन आहे. वावरे पायऱ्यांसारखी अरुंद असल्यामुळे त्यांत ट्रॅक्टर वळत नाही आणि नांगरट अजूनही बैलांवरच होते. वीतभर मातीखाली मुरूम आहे आणि त्या मुरमात मधूनच काळा पाषाण डोके काढतो. तो कोठे असेल, याचा अंदाज वडिलांनाही पूर्णपणे कधी आला नाही. गेल्या मे महिन्यात फाळाचे टोक अशाच एका पाषाणाच्या कपारीत शिरले. बैल चालत होते आणि नांगर जागच्या जागी थांबला. डाव्या बैलाकडची शिवळ (मानेशेजारची जुवातील काठी) मोडली, त्याचा खांदा सुजला आणि रुमणे (नांगराची मूठ) माझ्या बरगडीत बसले. खांद्याची सूज उतरेपर्यंत तीन आठवडे गेले.

त्यानंतर एका वेल्डिंगच्या दुकानातून नांगराची पुढची कडी आणि साखळी यांच्यामध्ये पट्ट्यांचा एक जोड करून घेतला. त्यात सहा मिलिमीटरचा एक बोल्ट आहे. ओढ प्रमाणाबाहेर वाढली की बोल्ट तुटेल आणि बैल मोकळे होतील, असे मला सांगण्यात आले होते. यंदा नांगर दोनदा अडकला. दोन्ही वेळा बैल झटका खाऊन थांबले, बोल्टावर मात्र ओरखडाही नाही. परदेशात घोड्यांच्या नांगराला स्प्रिंगवर सुटणारी कडी लावतात, असे वाचनात आले आहे. तशी कडी येथे बनवून घेणे योग्य होईल, की लाकडी खुंटीसारखा एखादा साधा उपाय पुरेल? नांगर लोखंडी, एका फाळाचा आणि साखळीने ओढायचा आहे. बैल खिलार असून खरसुंडीच्या यात्रेत घेतलेले आहेत. चालीला ते फार तेज आहेत, हेही सांगून ठेवतो.

निवृत्त गुरुजी, सांगली

मी अनेक वर्षे शेती अवजारांचा विषय शिकवत होतो, म्हणून प्रथम आपल्या बोल्टाचा हिशेब मांडतो. साधे मऊ पोलाद कातरले जाताना दर चौरस मिलिमीटरला ढोबळमानाने २५ ते ३० किलोंचा भार सोसते. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचे छेदक्षेत्र सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे तो एका जागी कातरला जाण्यासाठी ७०० ते ८५० किलो ओढ लागेल. आपल्या जोडात दोन पट्ट्यांच्या मध्ये तिसरी पट्टी असेल, तर बोल्ट एकाच वेळी दोन जागी कातरावा लागतो आणि हा आकडा दुप्पट होतो. त्यातून बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असे उठवलेले असेल, तर ते पोलाद साध्याच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचे असते.

आता बैलांकडे पाहू. चार-साडेचारशे किलोंचा एक, अशी जोडी दिवसभर कामाला चालते, तेव्हा ती आपल्या एकत्रित वजनाच्या दहा-बारा टक्के एवढीच ओढ टिकवून धरू शकते. म्हणजे ती ओढ ८० ते १०० किलोंच्या आसपास असते. झटक्याच्या क्षणी ती कितीतरी पट वाढते हे खरे, पण दीड हजार किलोंपर्यंत पोहोचण्याच्या फार आधी शिवळ मोडलेली असते किंवा खांदा सोललेला असतो. आपल्या जोडात तुटण्यासाठी ठेवलेली वस्तूच सर्वांत बळकट आहे. वेल्डिंगवाल्यांनी बहुधा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून माप धरले असावे.

नेहमीच्या ओढीच्या अडीच पटीच्या आसपास जोड सुटावा, असे माझे मत आहे. त्याहून कमी ठेवल्यास प्रत्येक ढेकळाला खुंटी मोडेल आणि कंटाळून आपणच तेथे जाड सळई घालाल. नेहमीची ओढ किती, हे अंदाजाने ठरवू नये. आडत दुकानात पोती तोलण्याचा हुकाचा काटा असतो. तो अर्धा दिवस मागून आणावा, साखळीत अडकवावा, दगड नसलेल्या पट्ट्यात नांगराचे चार तास (रेघा) घ्यावेत आणि आकडे लिहून ठेवावेत. १५ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल तास धरले, तर हलक्या जमिनीत साठ-पासष्ट किलोंच्या आसपास आकडा यायला हरकत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तोच ९० वर जाईल. त्यामुळे दुसऱ्याच्या रानातील खुंटीचे माप आपल्या उपयोगाचे नाही.

आटपाडीचे आबा

गुरुजींचा हिशेब बरोबर असेल. आमच्या लाकडी नांगराला वेगळी कडी कधी नव्हती. हाळीस (नांगराची लांब दांडी) जुवाला बांधण्याचे वेठण अंबाडीच्या दोराचे असे आणि झटका बसला की पहिल्यांदा तेच तुटे. लोखंडी नांगर आला, त्याच्याबरोबर साखळी आली आणि न तुटणारी वस्तू आपणच मध्ये आणून ठेवली. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली आणि तेथील लोखंडी नांगर गावोगाव गेले, त्याचा फायदा आमच्या घराण्यालाही झाला, हे नाकारत नाही. पण जुने वेठण हे नुसते बांधण्याचे साधन नव्हते, एवढे ध्यानात घ्यावे.

कड्या बसवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. शाळू काढल्याबरोबर, रानात थोडी ओल आहे तोवर नांगरावे, मेच्या कडक उन्हात नव्हे. आणि जेथे फाळ लागला तेथे त्याच दिवशी पहार घालून दगड काढावा, निघत नसेल तर शेजारी खुंटी रोवून खूण करावी.

जतकर

आबांचे म्हणणे मान्य आहे, पण पहारीने न हलणारे पाषाण आमच्याकडे एकरी डझनाने आहेत. मी गेली सहा वर्षे लाकडी खुंटी वापरतो आणि तीच सुचवतो.

खुंटीचे लाकूड निवडताना माझ्याकडून चुका झाल्या, त्या सांगतो. पहिल्यांदा बांबूची खुंटी घातली. ती मोडत नाही, चेचली जाते आणि तिचे धागे लोंबत राहून जोड अर्धवट धरून ठेवतात. ओली बाभूळ वापरली, तर ती सुकेल तशी रोज वेगळी वागते. वर्षभर सावलीत सुकलेल्या बाभळीच्या सरळ रेषेच्या, गाठ नसलेल्या तुकड्यातून एकाच जाडीच्या वीस-पंचवीस खुंट्या मी सुताराकडून एकदम काढून घेतो. त्यांतल्या तीन-चार मोडूनच पाहतो. झाडाच्या आडव्या जाड फांदीला जोड टांगायचा, खाली साखळीने फळी अडकवायची आणि तिच्यावर सिमेंटची ५० किलोंची पोती एकेक करून अलगद ठेवत जायची. फळी जमिनीपासून चार बोटांपेक्षा वर नसावी आणि पाय तिच्याखाली कधीही जाऊ देऊ नयेत. माझ्या जोडीला पाचव्या पोत्याला मोडणारी खुंटी मानवली. चौथ्याला मोडणारी खुंटी दिवसातून सात-आठ वेळा बदलावी लागत होती.

लोखंडी खिळा घालण्याचा मोह टाळावा. तारेचा खिळा ओढून कडक केलेला असतो, त्यामुळे बारीक दिसला तरी तो गुरुजींनी सांगितलेल्या मऊ पोलादाच्या हिशेबात बसत नाही. शिवाय पट्टीचे भोक किंचित मोठे असले, की तो कातरला न जाता नुसता वाकतो आणि मग हातोड्याशिवाय निघत नाही.

मिरजेचा घोडेवाला

प्रश्नात घोड्यांच्या कडीचा उल्लेख आहे, म्हणून लिहितो. अमेरिकेत ओहायो आणि पेन्सिल्व्हेनिया या राज्यांत आमिश समाजाचे लोक आजही घोड्यांनी नांगरतात. तेथील रचना आपल्या जुवाहून मुळातच वेगळी आहे. घोड्याच्या गळ्यात गादीचे कडे असते, त्याच्या दोन्ही बाजूंनी पट्टे मागे जातात, ते घोड्यामागील एका आडव्या दांडीला अडकतात आणि अशा दोन दांड्या एका मोठ्या आडव्या दांडीला जोडून तिच्या मधोमध नांगर लावतात. सुटणारी कडी या मोठ्या दांडीच्या मागे येते. ओढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की स्प्रिंग दबून आतील खटका निसटतो आणि नांगर मागे राहतो. स्प्रिंग किती दाबून ठेवायची, ते नटाने ठरवता येते.

अडचण अशी, की नांगर सुटला तरी दांड्या घोड्यांच्या मागेच राहतात आणि झटक्याने पुढे येऊन त्यांच्या मागच्या पायांवर आपटू शकतात. घोडा बिथरला, तर सुटलेली कडीच नव्या अपघाताचे कारण होते. बैलांच्या मागे अशी दांडी नसते, हा आपला फायदा आहे. सुटलेली साखळी मात्र पायांत येऊ शकते.

येथील धुळीत आणि चिखलात स्प्रिंगची कडी कितपत टिकेल, याचीही मला शंका वाटते. खटक्यात मुरमाची कणी अडकली किंवा पावसाळ्यात गंज चढला, तर ती सुटतच नाही आणि ते कळते नांगर अडकल्यावर. कडी वारंवार सुटते म्हणून कोणीतरी नट शेवटपर्यंत पिळून ठेवतो, हा तर माणसाचा स्वभावच आहे. लाकडी खुंटीला पिळायला नट नसतो.

पलूसचा कारागीर

नऊ फणी कल्टिव्हेटरच्या जुन्या स्प्रिंगा भंगारात स्वस्त मिळतात आणि त्यांपासून अशी कडी करून द्या, म्हणून माझ्याकडे लोक येतात. मी नकार देतो. ती स्प्रिंग ट्रॅक्टरच्या ओढीसाठी बनवलेली असते. बैलांच्या झटक्याने ती जागची हलणारही नाही.

आपला सध्याचा जोड टाकून देऊ नका. बोल्टाचे भोक खुंटीच्या मापाने मोठे करून घ्या. पट्ट्यांमधील फट पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच ठेवा. फट जास्त असेल तर खुंटी कातरली जात नाही, वाकून हळूहळू फाटते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ओढीला सुटते. भोकांच्या कडा घासून किंचित गोल करा, कारण धारदार कडेने खुंटीला रोज खाच पडत जाते. तरीही दिवसभराच्या लहान धक्क्यांनी खुंटी आतून चेचलेली असतेच, म्हणून ती न मोडली तरी रोज सकाळी बदलावी. जुनी चुलीत घालावी.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही. साखळीच्या जागी नायलॉनचा दोर अजिबात वापरू नये. तो ताणला जातो आणि जोड सुटल्यावर रबरासारखा उसळून बैलाच्या मागच्या पायांवर किंवा नांगऱ्याच्या तोंडावर येतो. साखळी खाली पडते.

खटावचे रान

सर्वांचे आभार. एक शंका उरली आहे. हा जोड नांगराजवळ ठेवावा, की जुवाजवळ? नांगराजवळ ठेवल्यास सुटल्यावर सगळी साखळी बैलांच्या मागे फरफटत जाईल.

जतकर

मी दोन्ही करून पाहिले. जुवाजवळ ठेवल्यास साखळी नांगराबरोबर मागे राहते आणि बैलांच्या पायांत काही येत नाही. पण खुंटी बदलण्यासाठी प्रत्येक वेळी दोन बैलांच्या मध्ये वाकावे लागते आणि तेज खिलारांमध्ये डोके घालणे मला पसंत नाही. त्यामुळे जोड नांगराजवळच ठेवला आणि साखळी आखूड केली. सुटल्यावर तिचे टोक जमिनीला जेमतेम लागते. साखळी फारच आखूड केली तर नांगर पुढून उचलला जातो, म्हणून एकेक कडी कमी करत पाहावे.

बैल सुटल्यावर दोन पावलांत थांबण्याची त्यांना सवय लावावी. मी रिकाम्या रानात मुद्दाम पातळ खुंटी घालून आठवडाभर हे करवून घेतले. कासरा हाताला गुंडाळू नये किंवा कमरेला बांधू नये, नाहीतर नांगर सुटेल आणि आपण बैलांबरोबर जाऊ. रुमण्यावर छाती टेकवून चालण्याची सवय असेल, तर तीही सोडावी.

निवृत्त गुरुजी, सांगली

चालीबद्दल एक वाक्य जोडतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, म्हणून खडकाचा संशय असलेल्या पट्ट्यात आपल्या तेज जोडीला आवरून चालवणे हे खुंटीइतकेच उपयोगी आहे. हाळीसच थेट जुवाला बांधलेला नांगर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मात्र हा जोड जुवाजवळ करू नये. तेथे सुटल्यास हाळिशीचे टोक जमिनीत घुसते आणि मागचा भाग नांगऱ्याकडे उसळतो.

खटावचे रान (पाच आठवड्यांनंतर)

ठरल्याप्रमाणे करून पाहिले, ते कळवतो. काट्यावर नेहमीची ओढ ७० ते ८० किलो आली, बांधाकडेच्या चिबड (पाणी साचणाऱ्या) पट्ट्यात ९५. भोक मोठे करून बाभळीच्या खुंट्या घातल्या आणि २०० किलोंच्या आसपास मोडणाऱ्या निवडल्या. जोड नांगराजवळ ठेवला आहे. दीड एकरात खुंटी अकरा वेळा मोडली, त्यांपैकी नऊ वेळा खाली खरोखरच पाषाण होता. दोनदा मीच फाळ जास्त खोल घातला होता. शिवळ एकही मोडली नाही आणि खांदे कोरडे आहेत. पहिल्या दोन वेळा बैल दहा-बारा पावले पुढे गेले, आता खुंटी मोडल्याचा आवाज आला की स्वतःच थांबतात. थोरला तर मागे वळून पाहतो.

पाषाण लागलेल्या नऊ जागांवर खुणेच्या खुंट्या रोवल्या आहेत. त्यांतील चार पाषाण पहारीने निघाले. उरलेल्यांपैकी दोन एवढे मोठे आहेत, की पुढच्या वर्षी त्यांच्या बाजूने तासच वळवून न्यावे लागेल.

आटपाडीचे आबा

खुणेच्या खुंट्या बाभळीच्याच असतील, तर पाऊस पडण्याआधी त्यांच्या जागी दगडांच्या लहान चळती रचा. वाळवी लाकूड ठेवत नाही आणि पुढच्या वर्षी खूण सापडणार नाही.