१९८३ सालचा ‘मर्सेनरीज, स्पाइज अँड प्रायव्हेट आइज’ आजही का खेळावासा वाटतो?

पटावरचा_प्रवासी

नमस्कार. आमचा पाच जणांचा गट गेली काही वर्षे दर दुसऱ्या शनिवारी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचे खेळ, खेळतो. आजवर आम्ही तलवारी, जादू आणि ड्रॅगन यांच्याच दुनियेत रमलो होतो. गेल्या महिन्यात गटातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य, जे नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेत होते, ‘मर्सेनरीज, स्पाइज अँड प्रायव्हेट आइज’ या खेळाची आपली जुनी प्रत घेऊन आले आणि पुढचे प्रकरण याच नियमांवर चालवायचे म्हणून अडून बसले. भाडोत्री सैनिक, हेर आणि खासगी गुप्तहेर हे तिन्ही पेशे एकाच पुस्तकात बसवणारा हा खेळ आहे आणि त्याचा काळ म्हणजे तेव्हाचा ‘आज’.

पुस्तक मी चाळले. कृष्णधवल चित्रे, दाटीवाटीची छपाई आणि बंदुकांचे तक्ते पाहून माझा उत्साह काहीसा मावळला, हे कबूल करतो. दिवसभर ज्या जगात लोकल पकडायची आणि बिले भरायची, त्याच जगात संध्याकाळी फासे घेऊन पुन्हा शिरण्यात कसली गंमत, असा मला प्रश्न पडला. शिवाय हेरगिरीच खेळायची तर ‘टॉप सीक्रेट’ किंवा जेम्स बाँडचा खेळ का नको? ज्येष्ठ मित्रांचा आग्रह हा निव्वळ स्मरणरंजनाचा भाग आहे, की या खेळात खरोखर काही आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सूत्रधार७

स्मरणरंजनाचा भाग नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, परंतु तेवढ्यावर चाळीस वर्षे कोणी एखादा खेळ जपून ठेवत नाही.

आधी याचे कूळ पाहावे लागेल. केन सेंट आंद्रे हे अमेरिकेतील फीनिक्सचे ग्रंथपाल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यांना त्याचे नियम क्लिष्ट वाटले, म्हणून त्यांनी पुढच्याच वर्षी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा सुटसुटीत आणि काहीसा खट्याळ खेळ लिहिला. रिक लूमिस यांची फ्लाइंग बफेलो ही कंपनी तेव्हा टपालाने खेळायचे खेळ संगणकाच्या मदतीने चालवत असे, आणि तिनेच हा खेळ प्रकाशित केला. मायकेल स्टॅकपोल यांनी त्याच नियमांचा सांगाडा घेऊन त्यावर आधुनिक जग चढवले आणि १९८३ मध्ये आपण ज्याविषयी बोलत आहोत तो खेळ उभा राहिला. सुटसुटीतपणा हा त्याचा वारसा आहे आणि माझ्या मते त्याच्या आकर्षणाचे निम्मे रहस्य तिथेच दडले आहे.

या खेळाचा कणा म्हणजे सेव्हिंग रोल, अर्थात अडचणीतून सुटण्यासाठी टाकायचे फासे. पहिल्या पातळीच्या अडचणीसाठी २०, दुसऱ्या पातळीसाठी २५, तिसऱ्यासाठी ३०, असे आकडे ठरलेले आहेत. त्यातून पात्राचा संबंधित गुण वजा करायचा आणि उरलेला आकडा दोन फाशांवर गाठायचा. दोन्ही फाशांवर सारखेच दान पडले, तर ती बेरीज धरून पुन्हा टाकायचे, आणि पुन्हा सारखे पडले तर पुन्हा. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण टेबलावर याचा परिणाम काय होतो ते सांगतो. आमच्या एका प्रकरणात एक गुप्तहेर बाई तिसऱ्या मजल्याच्या सज्जावरून घसरली. ‘नशीब’ हा या खेळात शक्ती किंवा चापल्य यांच्याइतकाच रीतसर गुण आहे. अडचण पहिल्या पातळीची आणि तिचे नशीब १२ होते, म्हणजे वाचण्यासाठी ८ हवे होते. पडले दोन एक्के. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि एकाने तिचा कागद उलटा करून ठेवायला हातही पुढे केला. पण एक्के जोडीने आले होते, म्हणून पुन्हा फासे पडले. या वेळी दोन दुऱ्या आल्या, म्हणजे एकूण ६ झाले आणि आणखी एक संधी मिळाली. तिसऱ्यांदा पाच आणि एक पडले. १२ झाले आणि बाई खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींत अडकून वाचली. चादरी माझ्या टिपणांत कुठेच नव्हत्या, त्या फाशांनी आणल्या.

आता आधुनिक जगात गंमत काय, या प्रश्नाकडे येतो. काल्पनिक दुनियेत सूत्रधाराला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सतत सांगत राहावे लागते की या राज्यात अमुक देवता आहे, त्या नगरीचा तमुक कायदा आहे. खेळाडू ऐकून घेतात आणि मग विचारतात, ‘मला हे करता येईल का?’ आधुनिक प्रकरणात हा प्रश्नच उरत नाही. लॉजच्या नोंदवहीत खोटे नाव लिहिणारा माणूसही बऱ्याचदा आपली खरी आद्याक्षरे सोडत नाही, किंवा दुकानदार उधारीची वही कोणालाही दाखवत नाही, हे खेळाडूला आपल्याच आयुष्यातून ठाऊक असते आणि तेच ज्ञान त्याचे हत्यार बनते. नियमपुस्तक जाडजूड नसूनही खेळ उथळ वाटत नाही, याचे कारण हेच आहे. उरलेले सगळे नियम आपण रोज जगतच असतो.

‘टॉप सीक्रेट’ आणि बाँड यांच्याशी तुलना करायची तर फरक स्वभावाचा आहे. मर्ल रासमुसेन यांचा ‘टॉप सीक्रेट’ १९८० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वाल्या टीएसआर कंपनीने काढला. त्यात हेर हत्या, जप्ती आणि तपास यांपैकी एका विभागाचा असतो आणि सारे गणित शंभरातल्या टक्क्यांवर चालते. व्हिक्टरी गेम्स या कंपनीचा बाँडचा खेळ १९८३ चाच. तो आजही मला फार देखणा वाटतो. पाठलागात कोण किती धोका पत्करतो याची बोली लागते आणि नायकाला आपल्या ‘हीरो पॉइंट्स’च्या बळावर वाईट दान सुधारून घेता येते. मात्र तिथे तुम्ही नायक असता आणि नायक सहसा मरत नाही. स्टॅकपोल यांच्या खेळात तुमच्या गुप्तहेराचे गुण तीन-तीन फाशांवर ठरलेले असतात, म्हणजे तो बहुधा तुमच्या-आमच्यासारखाच १० किंवा ११ चा माणूस असतो, आणि समोरच्याने पिस्तूल काढले की तोही तुमच्या-आमच्यासारखाच हात वर करतो.

शंकासूर

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, पण त्यात एका दुखऱ्या जागेला बगल दिली आहे, ती म्हणजे गुप्तहेरीची.

त्या काळच्या बहुतेक खेळांप्रमाणे इथेही मारामारीचे नियम सविस्तर आहेत, परंतु तपासाचा भार फाशांवर आणि सूत्रधाराच्या मर्जीवर पडतो. खोलीची झडती घेतली, फासे वाईट पडले, चिठ्ठी सापडली नाही. पुढे काय? सगळे प्रकरण त्या चिठ्ठीवरच उभे असेल, तर पाच माणसे टेबलाभोवती एकमेकांची तोंडे पाहत बसतात. मी स्वतः एका संध्याकाळी असे दोन तास बसलो आहे. शेवटी सूत्रधाराने कंटाळून एका भिकाऱ्याच्या तोंडून खुन्याचे नाव वदवले आणि सगळ्या प्रकरणाचा विचका झाला. रॉबिन लॉज यांनी २००७ मध्ये ‘गमशू’ ही पद्धत मांडली, ती नेमकी याच अडचणीवर. योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य जागी पोचले की कळीचा धागा त्याला फासे न टाकता मिळतो आणि खरा खेळ त्या धाग्यांची सांगड घालण्यात असतो. असा उपाय उपलब्ध असताना जुनेच नियम उराशी कवटाळण्याचे प्रयोजन मला कळत नाही. मारधाड हवी असेल तर जुना खेळ जरूर खेळावा, परंतु तपास हवा असेल तर नवा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूत्रधार७

आपला मुद्दा मान्य आहे, निष्कर्ष नाही. चिठ्ठी सापडेल की नाही यासाठी मी फासे टाकतच नाही. चिठ्ठी सापडतेच. ती वाचून होईपर्यंत जिन्यावर पावले वाजतात की नाही, यासाठी फासे टाकतो. त्या भिकाऱ्याचा दोष मी नियमांच्या माथी मारणार नाही. एका निष्कर्षाकडे नेणारे निदान तीन धागे आधीच पेरून ठेवावेत, हा धडा मात्र मलाही दोन-तीन प्रकरणे बुडाल्यावरच मिळाला. ‘गमशू’विषयी मला आदर आहे. फक्त धागा हमखास मिळणार हे ठाऊक असले की माझे खेळाडू झडती घेताना आवाज खाली आणत नाहीत, आणि मला तो दबलेला आवाज हवा असतो.

एकटी_खेळाडू

या चर्चेत सर्वांनी सूत्रधार आणि गट गृहीत धरला आहे. ज्यांना गट मिळाला नाही त्यांचे काय? मी विदर्भातल्या एका लहान गावात वाढले. तिथे हा प्रकार कोणाला समजावून सांगण्यापेक्षा एकटीने खेळणे सोपे होते.

फ्लाइंग बफेलोची खरी देणगी म्हणजे एकट्याने खेळायची साहसे. ‘बफेलो कॅसल’ हे रिक लूमिस यांचे पहिले असे पुस्तक १९७६ मध्ये आले. परिच्छेद वाचायचा, पर्याय निवडायचा, सांगितलेल्या क्रमांकाच्या परिच्छेदावर जायचे आणि वाटेत फासे टाकायचे, अशी त्याची रचना होती. स्टॅकपोल यांच्या खेळासाठीही ‘जेड जॅग्वार’सारखे एकट्याचे साहस आले. गुप्तहेराचा पेशा मुळात एकट्याचाच असल्यामुळे हा साचा तलवारबाजापेक्षा त्याला अधिक शोभतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

या खेळाचे दुसरे घर तर अनेकांनी नकळत पाहिलेले असते. १९८८ साली आलेला इंटरप्ले कंपनीचा ‘वेस्टलँड’ हा संगणकीय खेळ याच नियमांवर बेतलेला होता आणि त्याच्या रचनेत स्टॅकपोल, सेंट आंद्रे आणि चित्रकार लिझ डॅनफोर्थ हे तिघेही होते. पात्राचा बुद्ध्यांक जितका, तितके कौशल्यगुण सुरुवातीला हाती येतात. त्यांतून रायफल घ्यायची, कुलपे उघडणे घ्यायचे की पोहणे, हे ठरवताना मी एकेका पात्रावर अर्धा तास घालवत असे. त्या काळी डिस्कवर जागा कमी असल्यामुळे लांबलचक मजकूर छापील पुस्तिकेत दिला होता आणि पडद्यावर ‘अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा’ एवढीच सूचना यायची. ती युक्ती सरळ सोलो पुस्तकांतून उचललेली वाटते. त्यात एक खोडीही होती: काही परिच्छेद खोटे होते. खेळ सोडून पुस्तिकाच आधी वाचून काढणाऱ्या उतावळ्यांसाठी त्यात मंगळाविषयीचे एक संपूर्ण बनावट कथानक पेरले होते. मी त्या उतावळ्यांपैकीच एक होते आणि कित्येक दिवस मंगळवासीयांची वाट पाहत होते. पुढे १९९७ मध्ये आलेला ‘फॉलआउट’ हा संगणकीय खेळ याच ‘वेस्टलँड’चा मानसपुत्र, हे सांगायला नकोच.

पटावरचा_प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही पात्रे तयार केली. ज्येष्ठ मित्रांनी प्रकरणासाठी १९८३ ची मुंबई निवडली आहे. गिरणी संपाला वर्ष उलटून गेलेले आणि ट्रंक कॉल लागण्याची वाट पाहावी लागणारा काळ, त्यामुळे बातमी काढायची तर प्रत्यक्ष जावे लागते. पिस्तुलाचा परवाना पाचांपैकी एकाकडेही नाही, म्हणून बंदुकांच्या तक्त्यांची पाने तूर्त क्लिप लावून बंद केली आहेत. शंकासूर यांचा सल्ला मानून कळीच्या धाग्यांसाठी फासे न टाकण्याचे ठरले आहे.

माझ्या वाट्याला आलेला माणूस लालबागेतला एक बडतर्फ टाइमकीपर आहे. शक्ती ८, बुद्ध्यांक १४, नशीब ६. या नशिबावर काय काय ओढवते ते पुढच्या शनिवारनंतर कळवतो.