वर्गात शिस्त पण पायजे आणि पोरांना शाळा आपली पण वाटली पायजे, कसं करायचं?

खानापूरची टीचर
नमस्कार. कर्नाटकातल्या सरकारी मराठी शाळेत सहावी-सातवी एकत्र घेते. दुपारी बिसी ऊट (शाळेतलं गरम जेवण) झालं की मागची काही पोरं गायब होतात, आणि असली तरी नुसती बसून, काय विचारलं की मान खाली. ओरडलं की थोडा वेळ शांत, परत तेच. मारायचा प्रश्नच नाही, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात मारणं आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे आणि नसती तरी मला जमलं नसतं. कोणी काय करून बघितलंय का?

निपाणीचे गुरुजी
टीचर, जेवणानंतरची घंटा व्हायच्या आधी तुम्ही दारात उभ्या राहा. एकेकाला नावानं हाक मारायची, म्हस व्यायली काय रे, आजीचा ताप उतरला काय, एवढंच. आपली कोणतरी वाट बघतंय हे कळलं की पोरगं सहसा पळत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2009 मध्ये शाळांसाठी यावर पुस्तिकाच काढली, मुलाला वाटलं पायजे की इथल्या मोठ्यांना माझ्या अभ्यासाची काळजी आहे आणि माझी पण. आरोग्यवाले यात का पडले तर शाळेशी जोडलेली पोरं व्यसनाकडं आणि दांड्या मारण्याकडं कमी वळतात म्हणून. आमच्या तंबाखूच्या गावात हे लई महत्त्वाचं वाटतंय मला.

एसडीएमसीतला (शाळेच्या समितीतला) पालक
एक विनंती, चूक झाली तर सगळ्यांसमोर बोलू नका. आमच्या धाकट्याला एकदा वर्गात उभं करून तुला काय येतंय म्हणून विचारलं, त्यानंतर रोज सकाळी पोटात दुखालंय म्हणून घरातच. पुढं दुसऱ्या सरांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं आणि घंटा वाजवायचं काम दिलं, आता ऐन जुलैच्या पावसात पण थांब म्हटलं तर थांबत नाही, घंटा कोण वाजवणार म्हणतोय!

बेळगावची कन्नड टीचर
दोन वर्ग एकत्र म्हणजे सातवीला शिकवताना सहावी रिकामी, पोरं तिथंच सुटतात. जेवायला सोडायच्या आधीच दोन्ही वर्गांचं काम फळ्यावर लिहून ठेवा, आल्या आल्या काय करायचं ते रोज ठरलेलं पायजे. वर्गाचे नियम पोरांकडूनच काढून घ्या, त्यांच्याच शब्दांत, चार-पाचच. आणि कन्नडच्या तासाला गप्प बसणाऱ्याला बेशिस्त समजू नका हो, घरी सगळं मराठी, चुकलं की बाकीचे हसतात. मी आधी जोडीत बोलायला लावते, निम्मं मराठी आलं तरी चालवून घेते, आणि हसायचं नाही हा नियम मात्र कडक.

खानापूरची टीचर
सगळ्यांचे खूप आभार, फळ्याचं तर लगेच करते. घंटेसारखी कामं पोरांना द्यायची तर पाळी रोज बदलू की आठवड्यानं?

निपाणीचे गुरुजी
आठवड्यानं. रोज बदललं की पोरगं कामात रुळायच्या आत पाळी संपतीया. आणि पहिली पाळी त्या गायब होणाऱ्यांनाच द्या, तीही जेवणानंतरचीच.