झेंडूतून ल्युटीन (पिवळं रंगद्रव्य) काढतेय पण टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करायची चाचणी) स्पॉट पार वर जातोय, कुणी सांगेल का?

प्रयोगवही२२
नमस्कार, एमएस्सी ऑरगॅनिकचं दुसरं वर्ष चालू आहे. दसऱ्यानंतर मार्केट यार्डातून उरलेली गर्द केशरी फुलं आणली, पाकळ्या गच्चीवर तीन दिवस उन्हात वाळवल्या, मिक्सरला फिरवून हेक्झेनमध्ये रात्रभर ठेवल्या आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर हेक्झेन (द्रावक) उडवलं तर लालसर चिकट गोळा मिळाला, इथपर्यंत सगळं मस्त. पण हेक्झेन-ॲसिटोन ७:३ मध्ये टीएलसी केली तर पिवळा स्पॉट सॉल्व्हंट फ्रंटजवळ, म्हणजे द्रावक जिथवर चढला तिथे! ल्युटीनला दोन ओएच (हायड्रॉक्सिल) गट आहेत म्हणजे ते सिलिकाला धरून खाली राहायला हवं ना? मग हे बीटा कॅरोटीन समजायचं का? यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रममध्ये पीक ४४५ नॅनोमीटरच्या आसपास आहे.

पाकळी
कॅरोटीन नाही गं, ल्युटीनच आहे, फक्त मोकळं नाही. झेंडूत ते बहुतेक सगळं फॅटी ॲसिडच्या डायएस्टरच्या रूपात असतं, पामिटिक मिरिस्टिक वगैरे, म्हणजे तुझे दोन्ही ओएच झाकलेले आहेत, सिलिकाने धरायचं कशाला? आणि यूव्हीवर जाऊ नकोस, रंग देणारी साखळी एस्टर झाल्याने बदलत नाही त्यामुळे पीक तिथेच राहतो. आधी सॅपोनिफिकेशन कर, म्हणजे अल्कलीने एस्टर तोडून ओएच मोकळे कर. गोळा थोड्या इथरमध्ये विरघळवून तेवढंच १०% मिथेनॉलिक केओएच (मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घाल, अंधारात रात्रभर ढवळत ठेव, मग पाणी घालून इथरमध्ये ओढ आणि धुणं न्यूट्रल येईपर्यंत धू. थर वेगळे न होता इमल्शन झालं तर मिठाचं पाणी घाल.

खात्री करायला जुनी पण फार सुंदर टेस्ट आहे. थोडासा माल हेक्झेन आणि ९०% मिथेनॉलमध्ये हलवायचा. कॅरोटीन आणि एस्टर वरच्या हेक्झेनमध्ये राहतात, मोकळं ल्युटीन खाली मिथेनॉलमध्ये उतरतं. सॅपोनिफिकेशनच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा करून बघ, कॅरोटीन असेल तर ते दोन्ही वेळा वरच राहील.

कॉलमवाला
वरचं सगळं बरोबर. माझी कळकळीची विनंती, पुढच्या वेळी पाकळ्या सावलीत वाळवा. ऊन, उष्णता, हवा तिन्हींनी कॅरोटिनॉइड जातात, गच्चीवरच तुमचा बराच माल गेला असणार. फ्लास्कला, कॉलमला (घटक वेगळे करायची सिलिका भरलेली नळी), सगळ्याला फॉइल गुंडाळा आणि माल फ्रीजरमध्ये ठेवा. अजून एक, केओएच घालताना ॲसिटोनचा थेंबही राहू देऊ नका, अल्कलीत ॲसिटोन स्वतःशीच कंडेन्स होतं आणि नको ती घाण तयार होते, मी एकदा आठवडाभर तो भलताच स्पॉट शोधत बसलो होतो.

प्रयोगवही२२
पाकळीताई केलं! आधी सगळा रंग वर होता, आता खालचा थर छान पिवळा झालाय पण वरचा अजून बऱ्यापैकी केशरी आहे. टीएलसीवर तीन स्पॉट, एक वर, एक मधे, एक खाली.

पाकळी
मग अर्धवट झालंय, मधला बहुतेक मोनोएस्टर, म्हणजे एकच ओएच झाकलेला. केओएच ताजं घे, बाटली उघडी राहिली की ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट होत जातं. नव्या केओएचने आणखी एक रात्र दे आणि मधला स्पॉट गेला की मगच कॉलमला लाव.