लॉनसाठी वेगळा पंप घ्यावाच

भावा, तू विचारलंयस की टाकी भरायच्या पंपालाच टी (तीन तोंडांचा पाइपजोड) मारून लॉनचे स्प्रिंकलर चालतील का. मी हाच उद्योग केलता, काय झालं सांगतो, सहा पॉपअप (पाणी सोडलं की जमिनीतनं वर येणारे स्प्रिंकलर) बसवले आणि वाल्व उघडल्यावर पाणी नुसतं नोझलपाशी बुडबुडायला लागलं, शेजारचे काका कंपाउंडवरनं बघून हसत होते. माझा पंप अर्धा एचपीचा, वर पाणी चढवायला ठीक, पण लॉनला प्रेशर आणि पाणी दोन्ही एकदम लागतं ना.

हिशोब सोपा आहे, अर्धगोल फवारणारं १५ फुटी नोझल मिनिटाला साधारण ७ लिटर खातं, म्हणजे सहाला ४२, आणि ते २ बार प्रेशरला, म्हणजे २० मीटर हेड (पाणी तेवढं उंच चढवायचा जोर), वर पाइपात वाया जाणारं प्रेशर धर. तेव्हा दुकानात एचपी विचारू नको, डब्यावरचा चार्ट बघ, २५ मीटरला मिनिटाला ४५ लिटर देतो का. 'मॅक्स हेड ४० मीटर' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नको, त्या हेडला पाणी शून्य असतं! मी शेवटी १ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्रच असलेला) घेतला, सक्शनचा म्हणजे पाणी ओढायचा पाइप सव्वा इंची आणि जमेल तेवढं आखूड ठेवलं.

आणि आपल्याकडं पावसाळ्यात लॉनला पाणी लागतच नाही, पंप तीन-चार महिने पडून जाम होतो, माझा दुरुस्तीला उद्यमनगरात नेऊन खोलावा लागला. आठवड्यातनं दोन मिनिटं फिरवत जा, पण कोरडा नको, सील जळतंय.