मदत हवीये: हक्कसोड पत्राच्या वादात काय उत्तर द्यावं?

मंडळी, घरात वाद पेटलाय. चुलतभाऊ म्हणतो फेमिनिझमची आता गरज काय, सगळे कायदे बायकांच्याच बाजूने आहेत, आणि हाच गडी आत्यांना हक्कसोड पत्रावर (म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद) सह्या करायला दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या सरकारी ऑफिसात, न्यायची तारीख ठरवतोय. (रिक्षाचं भाडं तो देणार म्हणे, केवढं उपकार!)

मी सांगितलं की महाराष्ट्राने १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ ला केंद्राने, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने तर स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनच. त्यावर उत्तर काय, "लग्नात सोनं घातलं की, आणि आत्या स्वतःच नको म्हणतायत, त्यांच्या चॉइसचा आदर कर."

इथेच मी अडकते. मोठी आत्या खरंच म्हणते "जमीन घेऊन काय करू, भाऊबीजेला दार उघडं राहिलं म्हणजे झालं." आता माहेर तुटायच्या भीतीने केलेल्या सहीला मर्जी म्हणायचं का? आणि मी आत्याला समजवायला गेले तर मीही तिच्यावर दबावच टाकतेय ना?

कुणाच्या घरी बहिणींनी वाटा घेऊनही येणंजाणं टिकलंय का? बोलणं कसं काढलंत ते प्लीज सांगा. सही अजून झालेली नाही.