शब्दचर्चा: ‘हॉरर वाचतोय’ म्हणजे नक्की काय वाचताय?

प्रश्न

भुताखेतांच्या आणि जादूच्या पुस्तकांत रमणाऱ्यांना ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘हॉरर’, नाहीतर ‘फँटसी’. फार तर मागेपुढे ‘डार्क’, ‘कोझी’, ‘कॉस्मिक’ असं काहीतरी चिकटवलेलं. आपल्याकडे भयकथा, गूढकथा, भूतकथा, अद्भुतकथा, कल्पनारम्य एवढे शब्द पडून आहेत, पण कुठला कुठे वापरायचा यावर एकमत दिसत नाही. गूढकथा आणि भयकथा यांत खरंच फरक आहे का? आणि ‘वर्ल्डबिल्डिंग’ (गोष्टीसाठी वेगळं जग रचणं), ‘लोअर’ (त्या जगाचा मागचा इतिहास), ‘मॅजिक सिस्टिम’ (तिथली जादू कशी चालते ते) यांना काय म्हणता? परिभाषाकोशातले शब्द नकोत. बोलताना जीभ अडखळणार नाही असे सांगा.

प्रतिसाद

गूढ आणि भय यांची गल्लत होते, कारण एकाच पुस्तकात दोन्ही असू शकतं. पण ‘भयकथा’ हे नाव वाचकावर होणाऱ्या परिणामावरून पडलंय आणि ‘गूढकथा’ हे गोष्टीत काय शिल्लक राहतं त्यावरून. रहस्यकथेत शेवटी गाठ सुटते. गूढकथेत ती सुटत नाही, आणि सुटली तर वाचक नाराज होतो. नारायण धारपांचं नाव घेतलं की भयकथा आठवते आणि रत्नाकर मतकरींचं घेतलं की गूढकथा, ते उगीच नाही. मतकरींच्या गोष्टींत भीती असतेच, पण वाचून झाल्यावर छळतो तो ‘हे खरंच घडलं की त्याच्या मनाचे खेळ?’ हा प्रश्न. त्सव्हेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७०मध्ये याच घुटमळण्याला ‘फँटास्टिक’ म्हटलं: निसर्गनियमांनी उलगडा होतो का अलौकिकाने, हे ठरेना अशी अवस्था. म्हणजे त्याचं फँटास्टिक हे आपल्या गूढकथेच्या जवळ येतं, अद्भुतकथेच्या नाही. नावावर जाल तर फसाल.

आता ‘भय’. मला हा शब्द फार सपाट वाटतो, आणि ‘हॉरर’ त्याहून. मराठीत भ-भीच्या घराण्यातले शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, ते पाहा. ‘भयाण’ हे जागेचं, वेळेचं, शांततेचं विशेषण. भयाण वाडा, भयाण रात्र. त्यात कुणी नसणं महत्त्वाचं, गर्दी भयाण नसते. ‘भेसूर’ चेहऱ्याला आणि आवाजाला लागतं: भेसूर हसू, भेसूर रडणं. भेसूर वाडा म्हटलं तर चालेल, पण मग त्या वाड्याला तोंड फुटल्यासारखं वाटतं. ‘भीषण’ वर्तमानपत्रांनी अपघात आणि दुष्काळाला वाहून टाकलाय, ‘भयावह’ आकडेवारीला. ‘भयंकर’ तर कामातूनच गेला. ‘भयंकर गोड मुलगी आहे’ असं आपण सहज म्हणतो. त्यामुळे एखाद्या पुस्तकाला ‘भयंकर’ म्हटलं तर ते घाबरवतं की फसलंय की आवडलंय, काहीच कळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की कप्प्याच्या नावापेक्षा पुस्तक काय करतं त्याचा शब्द वापरा. धास्ती, धसका, किळस हे तीन शब्द पुरेसे आहेत. धास्ती आधी असते, अजून काही घडलेलं नसतं. धसका नंतरचा, एकदा काहीतरी पाहिलं आणि तो बसला. किळस शरीराची. अ‍ॅन रॅडक्लिफ या जुन्या गॉथिक (म्हणजे पडक्या वाड्या-किल्ल्यांतल्या भयकथा लिहिणाऱ्या) लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, १८२६मध्ये छापला गेला. त्यात तिने टेरर आणि हॉरर वेगळे काढले होते: पहिल्याने मन विस्तारतं आणि सगळ्या शक्ती जाग्या होतात, दुसऱ्याने ते आकसतं, गोठतं. पहिलं म्हणजे धास्ती. भयकथाकार स्टीफन किंगने १९८१च्या एका पुस्तकात याला तिसरी पायरी जोडली, निव्वळ ओकारी आणणाऱ्या गोष्टीची, आणि टेररला सर्वांत वर ठेवलं. ‘अर्धं पुस्तक नुसती धास्ती आहे, शेवटची पन्नास पानं किळस’ असं कुणी सांगितलं तर मला ते वाचायचं की नाही हे लगेच ठरवता येतं. ‘जबरदस्त हॉरर’ म्हटल्याने ठरत नाही.

प्रतिसाद

वरच्याला पुस्ती. ही विभागणी आपल्याला परकी नाही. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक आणि बीभत्स वेगळे आहेत. एकाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, भय; दुसऱ्याचा जुगुप्सा. जुगुप्सा म्हणजे वर म्हटलेली किळसच. आणि तिसरा अद्भुत, स्थायिभाव विस्मय. म्हणजे ज्याला आज ‘हॉरर आणि फँटसी’ म्हणून एका मांडणीवर ठेवतात त्यात तीन रस आहेत. याहून गंमत म्हणजे सहाव्या अध्यायात कुठला रस कशातून उपजतो तेही सांगितलंय: वीरातून अद्भुत आणि बीभत्सातून भयानक. तलवारवाला नायक आणि चेटूक असलेल्या फँटसीचा याहून नेमका वंशवृक्ष कुठे मिळेल?

दुसऱ्या जोडीबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. रक्तमांसाचा चिखल करणाऱ्या ज्या कथांना १९८०च्या दशकात ‘स्प्लॅटरपंक’ नाव मिळालं, त्या बीभत्स आहेत हे कबूल. पण बीभत्सातून भयानक उपजेलच असं नाही. कित्येकदा नुसता कंटाळा उपजतो.

प्रतिसाद

भूतकथा = भयकथा हे समीकरण मोडा, एवढंच सांगायला आलो. भुताची गोष्ट विनोदी असते, करुण असते, प्रेमाचीही असते. उलट निम्म्या भयकथांत भूत नसतंच, घाबरवायला माणसंच पुरेशी असतात.

अवांतर: ‘झॉम्बी’ कृपया ‘झॉम्बी’ असंच लिहा. ‘झोंबी’ म्हणजे झटापट, कुस्ती. ‘झोंबीच्या तावडीतून सुटका’ वाचून मला आधी आखाडा दिसतो.

प्रतिसाद

झॉम्बीला आपला शब्द नाही असं समजू नका हं. प्रेतात शिरून ते चालवणारा तो वेताळ. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात त्याच्या पंचवीस गोष्टी आहेत. पण हा वेताळ कोडी घालतो, उत्तर माहीत असून गप्प बसलं तर दम भरतो, म्हणजे झॉम्बीपेक्षा कितीतरी हुशार. रिचर्ड बर्टनने १८७०मध्ये या गोष्टी इंग्रजीत नेताना नावात वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ केला. वेताळ रक्त पीत नाही, प्रेतात बिऱ्हाड करतो. तरी शीर्षक खपलं. आज आपण उलट दिशेने व्हॅम्पायरचा ‘पिशाच्च’ करतो तेव्हा तोच घोटाळा होतो. रक्तपिपासू म्हणा किंवा सरळ व्हॅम्पायर म्हणा. नवे वाचक तसंही तेच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

प्रतिसाद

फँटसीकडे वळू. ‘अद्भुत’ हा शब्द मला मनापासून आवडतो, पण त्याचं ‘भयंकर’ झालंय: अद्भुत ऑफर, अद्भुत अनुभव. तरी ‘अद्भुतकथा’ असा समास केला की त्याला जुना अर्थ परत मिळतो. ‘कल्पनारम्य’ मला पटत नाही, कारण त्यात ‘रम्य’ आहे. सध्या ज्या फँटसीवर उड्या पडतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी रम्य बिलकूल नाहीत. राजे विश्वासघातकी, नायक खुनी, युद्ध न संपणारं. याला ‘ग्रिमडार्क’ म्हणतात. हा शब्द आला वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या घोषवाक्यातून, दूरच्या भविष्यातल्या भेसूर अंधारात फक्त युद्धच आहे अशा अर्थाच्या. त्याला ‘कल्पनारम्य’ म्हणून पाहा, हसू येईल. मी ‘कराळ अद्भुत’ वापरून पाहिलं. मित्र म्हणाला, आरती चालू आहे का? तर तो शब्द बाद.

‘स्वप्नरंजन’ मात्र फँटसीसाठी अजिबात नको. त्यात वाचकाला पळपुटा ठरवण्याचा सूर आहे.

वर्ल्डबिल्डिंगला ‘विश्वनिर्मिती’ ठीक, पण आपल्याकडे याहून तयार शब्द आहे: प्रतिसृष्टी. त्रिशंकूसाठी विश्वामित्राने उभी केली ती. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनने १९३९मध्ये परीकथांवर व्याख्यान दिलं, त्यात त्याने लेखकाला दुय्यम जग घडवणारा म्हटलं. त्या जगात शिरल्यावर तिथले नियम खरे वाटले पाहिजेत, आणि अविश्वास डोकावला की जादू संपली, असं त्याचं म्हणणं. प्रतिसृष्टीत हे सगळं येतं, शिवाय थोडा हट्टही येतो: देवाने नाही केलं ना, मग मी करतो. फँटसी लेखकाच्या स्वभावाचं याहून चांगलं वर्णन माझ्या वाचनात नाही. बोलताना ‘याची प्रतिसृष्टी कच्ची आहे’ हे वाक्य सहज निघतं, मी करून पाहिलंय.

प्रतिसाद

प्रतिसृष्टीला जोरदार अनुमोदन. ‘लोअर’साठी मग ‘पुराण’ घ्या की! कुठल्या राजाचा आजा कोण, कुठली तलवार कुणी घडवली, देवांचं भांडण कशावरून झालं, हे सगळं पुराणच. वरकड फायदा असा की लेखक चाळीस पानं वंशावळ सांगत बसला तर त्यालाही शब्द आयताच मिळतो: ‘पुराण लावलंय’. इंग्रजीत एका शब्दात कौतुक आणि वैताग दोन्ही मावत नाहीत.

‘मॅजिक सिस्टिम’ला ‘जादूचे नियम’ पुरे. प्रणालीबिणाली नको. पण एक शब्द विसरू नका: उःशाप. शापासोबतच त्यातून सुटण्याची अट सांगून ठेवायची, ही फार जुनी क्लृप्ती. आजच्या अर्ध्याअधिक फँटसी उःशापाच्या शोधातच चालतात. ‘कर्स ब्रेकिंग’ म्हणण्यात ती अट हरवते.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. धास्ती-धसका-किळस आजपासून वापरात. दोन शब्द राहिले. ‘वीअर्ड’ प्रकारच्या कथांना काय म्हणू? म्हणजे अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या पठडीतल्या, जिथे माणूस नगण्य आणि समोरचं काय आहे ते समजण्यापलीकडचं. ‘वैश्विक भय’ वाचून महामारीची बातमी वाटते. आणि ‘कोझी फँटसी’? ‘रोमँटसी’चं (प्रेमकथा अधिक फँटसी) विचारत नाही, तो शब्द २०२४मध्ये ऑक्सफर्डच्या वर्षशब्दांच्या यादीपर्यंत पोचला, त्याला आता कोण हलवणार.

प्रतिसाद

वीअर्डला ‘चमत्कारिक’. हिंदीत या शब्दाला दैवी चमत्काराचा वास आहे, मराठीत नाही. ‘काहीतरी चमत्कारिक वास येतोय’, ‘माणूस चमत्कारिक आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा घड्याळाचा एक काटा उलटा फिरावा तसं काहीतरी मनात असतं. चांगलं का वाईट ते अजून ठरलेलं नाही, पण सरळ नाही एवढं नक्की. लव्हक्राफ्टने १९२७च्या निबंधात सगळ्यांत जुनी आणि प्रबळ भीती अज्ञाताची म्हटली. त्याच्या कथांतला माणूस जे पाहतो त्याला भयंकर म्हणण्याआधी चमत्कारिकच म्हणेल. कॉस्मिकला ‘ब्रह्मांडाची धास्ती’ चालेल. ‘ब्रह्मांड आठवलं’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच, तो तर या प्रकारासाठीच घडवल्यासारखा आहे.

प्रतिसाद

‘चमत्कारिक कथा’ छापील मुखपृष्ठावर घातलंत तर ती संतचरित्रांच्या शेजारी जाऊन बसेल. बोलण्यात ठीक, छापताना ‘विलक्षण’ बरा.

प्रतिसाद

‘विलक्षण’मध्ये खुपणं नाही, नुसतं वेगळेपण आहे. विलक्षण गाणं असतं, विलक्षण बुद्धिमत्ता असते. लव्हक्राफ्टच्या खोल समुद्रातून जे वर येतं ते विलक्षण नाही हो! छापायचंच असेल तर ‘विपरीत’ घ्या. ‘काहीतरी विपरीत घडणार’ या वाक्यात धास्ती आयतीच आहे.

कोझीला ‘उबदार’ म्हणायचा मोह होतो, पण तो स्वेटरचा शब्द. या पुस्तकांत जग वाचवायचं नसतं. लढायांचा धंदा सोडून आलेली एक ऑर्क (फँटसीतल्या राक्षसी जमातीतली बाई) कॉफीचं दुकान टाकते, एवढ्यावर २०२२मधली एक कादंबरी खूप वाचली गेली आणि या प्रकाराचा बोलबाला झाला. ऊब असते, पण मुख्य गोष्ट ही की कुणालाही कसलीच घाई नसते. ‘निवांत’ म्हणा. ‘सध्या एक निवांत फँटसी वाचतोय’ म्हटलं की त्यात कुणी मरणार नाही हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं.